कोयनेची माणसं लेक पॉवेलवर

पत्र: ताई, आम्ही फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. जूनमध्ये आई-बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, नोकरीची बरीच वर्षं कोयनेवर गेली. त्यांना इथलं मोठं धरण दाखवायचं म्हणून माझ्या नवऱ्यानं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लेक पॉवेलवर चार दिवसांची हाउसबोट बघून ठेवली आहे. आगाऊ रक्कम याच महिन्यात भरायची आहे. आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची, आई ६७, बाबा ७१. नवऱ्याला पोहता येतं, बाबा तरुणपणी नदीत पोहायचे, बाकी कुणाला येत नाही. आईचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे आणि तिला पाण्याची भीती वाटते. तिच्या माहेरचं गाव कोयनेच्या धरणात गेलं, तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती. त्याबद्दल ती कधीच बोलत नाही. नवरा म्हणतो, एकदा बोटीत बसल्या की भीती जाईल. मला मात्र रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर:

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अगं-तूगं करते.

आगाऊ रक्कम भरू नका. तुझ्या नवऱ्याचा हेतू फार चांगला आहे आणि सासऱ्यांच्या आवडीचा इतका विचार करणारा जावई मिळायला भाग्य लागतं, हे त्याला माझ्यातर्फे सांग. पण जुलैचा शेवटचा आठवडा, हाउसबोट आणि पोहता न येणारी चार माणसं, हे एकत्र जमणार नाही. सहल रद्द करू नका. ती सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न्या, मुक्काम जमिनीवर ठेवा आणि पाण्यावर फक्त सकाळी जा. आई-बाबा सहा महिने आहेत, म्हणजे वेळ तुमच्या हातात आहे. तुमच्या भागातल्या बऱ्याच शाळांना ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुट्टीही असते.

आता असं का, ते सांगते. मी ॲरिझोनात बरीच वर्षं काढली आहेत. पॉवेलवर मे महिन्यात गेले, ऑगस्टमध्ये गेले, ऑक्टोबरमध्येही गेले, आणि प्रत्येक वेळी वेगळंच ठिकाण पाहिल्यासारखं वाटलं. त्याचं कारण बाबांना एका वाक्यात कळेल: नावात लेक असलं तरी हा धरणाचा साठा आहे. तळ्याला काठ असतो, साठ्याला पातळी असते. आपण नकाशावर किनारा बघून बेत आखतो आणि तिथं पोचावं तर तो किनारा अर्धा मैल पुढं सरकलेला असतो.

हा साठा ज्यानं अडवला त्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १३ मार्च १९६३ला बंद झाले आणि कोलोरॅडो नदी तुंबायला लागली. वाळवंटातल्या त्या दऱ्या भरून पूर्ण पातळी गाठायला १९८० साल उजाडलं. सतरा वर्षं! पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट धरतात. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी त्याच्या सुमारे १८० फूट खाली होतं. सुरुवातीला धरण भरत होतं तो काळ सोडला, तर इतकं खाली ते कधीच गेलं नव्हतं. मग रॉकी पर्वतावरचा त्या वर्षीचा बर्फ वितळला आणि जुलैपर्यंत तेच पाणी साठ फुटांहून जास्त वर चढलं. आपल्याकडं धरण पावसानं भरतं, इथं ते बर्फानं भरतं. मे-जूनमध्ये चढायचं, जुलैच्या सुरुवातीला टोक गाठायचं आणि पुढच्या वसंतापर्यंत उतरत जायचं, ही त्याची रीत. लाल खडकांच्या भिंतींवर तुम्हाला एक रुंद पांढरा पट्टा दिसेल. बोअरच्या पाण्याच्या बादलीला आतून जो क्षार चढतो ना, तोच हा. पाणी पूर्वी कुठपर्यंत होतं ते त्या पट्ट्यावर वाचता येतं. बाबा पहिल्या पाच मिनिटांत बोट दाखवतील बघ.

बेत आखताना या पातळीला फार महत्त्व आहे. वाहवीप हे पेज गावाजवळचं मुख्य बंदर. तिथून वरच्या अंगाला जाण्यासाठी कॅसल रॉक कट नावाची एक खोदलेली खिंड आहे. पातळी ३,५८० फुटांच्या आसपास किंवा त्याखाली गेली की ती कोरडी पडते आणि बोटींना सुमारे बारा मैलांचा वळसा पडतो. बोट उतरवायचे रॅम्पही तसेच, एक बंद तर दुसरा चालू. मागच्या वर्षी कुणीतरी टाकलेला व्हिडिओ पाहून ‘इथंच जाऊ’ असं ठरवू नका, तो किनारा आता पाण्याखाली असेल किंवा पाण्यापासून लांब राहिला असेल. पाणीपातळी अमेरिकेचं ब्यूरो ऑफ रिक्लमेशन रोज जाहीर करतं आणि कुठला रॅम्प चालू आहे ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ग्लेन कॅन्यन विभागाच्या संकेतस्थळावर असतं. हे काम बाबांवर सोपव. कराडला बसून आत्तापासून ते रोजचा आकडा वहीत टिपतील आणि इथं येईपर्यंत त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असेल.

हाउसबोटीबद्दल आता स्पष्ट बोलते. चित्रात ती तरंगत्या बंगल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ते एक अवजड, उंच भिंतींचं धूड आहे, आणि ते चालवण्याची जबाबदारी भाड्यानं घेणाऱ्यावर असते. तासाभराच्या तोंडओळखीवर तुझा नवरा पन्नास-साठ फुटांची बोट वाऱ्यात वळवणार, संध्याकाळी योग्य वाळू शोधून ती किनाऱ्याला लावणार, दोन्ही बाजूंनी नांगर रोवणार आणि रात्री उठून दोर तपासणार. पाणी उतरतीला असेल तर सकाळी बोट वाळूवर अडकलेली सापडू शकते. हे करणारी कुटुंबं आहेत, आनंदानं करतात, पण त्यांच्यात बोटीचा सराव असलेली दोन-तीन धडधाकट माणसं असतात. तुमच्यात एकच आहे, आणि काही कारणानं तोच आजारी पडला तर बोट कोण आणणार? जलाशयाच्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते. मदत मागायची तर बोटीवरच्या रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बोटीच्या इंजिनातून आणि जनरेटरमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोटीच्या मागच्या बाजूला पोहण्यासाठी जी फळी असते, तिच्याखाली आणि आसपास तो साठतो आणि पोहणारा माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होऊन पाण्यात जातो. याच जलाशयावर हाउसबोटींच्या मागं मुलं अशी दगावली, त्यानंतर सरकारी पातळीवर तपासणी झाली आणि बोटींच्या रचनेत बदल केले गेले. तरीही नियम एकच धर, बोट कुठलीही असो: इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या बाजूला कुणीही जायचं नाही, पाय सोडूनसुद्धा बसायचं नाही.

आणि वारा. याचा धडा मी स्वतः घेतला आहे. मे महिना होता. आम्ही सहाजण, त्यात माझ्या सासूबाई, दिवसभरासाठी एक छोटी बोट भाड्यानं घेतली. खिडकीतल्या माणसानं पैसे घेतले, सह्या घेतल्या, ‘पाचपर्यंत परत या’ म्हणाला. वाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. सकाळी पाणी आरशासारखं होतं, त्यात लाल कडे उलटे दिसत होते. दीड वाजता एका वळणावरून मोकळ्या पाण्यात आलो आणि समोरून वारा अंगावर आला. इथल्या कड्यांना उतार नाही, ते सरळ पाण्यात उतरलेले आहेत. त्यामुळं लाट किनाऱ्यावर विरून जात नाही, भिंतीला आपटून परत येते आणि येणाऱ्या लाटेवर चढते. बोट पुढं जायच्या ऐवजी नुसती वरखाली होत होती. दिरानं नांगर टाकून पाहिला, तो खडकावरून घसरत गेला. शेवटी एका अरुंद घळीत शिरलो आणि दोन तास तिथं कड्याला हात धरून बसलो. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. रात्री हॉटेलवर पाहिलं तर त्यांच्या पाटल्यांचे वळ माझ्या मनगटावर उमटले होते. त्या नंतर कधीही बोटीत बसल्या नाहीत, आणि मला ते अजून लागतं. ‘एकदा बसल्या की भीती जाईल’ असं तेव्हा मीच म्हणाले होते.

म्हणून सकाळ. वारा बहुधा दुपारी उठतो. आठच्या सुमारास निघा आणि बाराच्या आत धक्क्याला परत या, पाणी कितीही शांत दिसलं तरी. आदल्या रात्री नॅशनल वेदर सर्व्हिसचा पेजचा अंदाज बघा. वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी पाण्यावर जाऊच नका, भाडं बुडालं तरी चालेल.

जुलै का नको, हेही सांगते. पारा ३८ अंशांवर जातो, खडक रात्री उशिरापर्यंत धगधगत राहतात आणि त्याच सुमाराला इथला मॉन्सून सुरू होतो. आपल्या मॉन्सूनशी त्याची तुलना करू नका. वीस मैलांवर कोसळलेला पाऊस कोरड्या घळीतून भिंतीसारखा येतो, आपल्या डोक्यावर मात्र निळं आभाळ असतं. १२ ऑगस्ट १९९७ला पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत असाच लोंढा आला आणि ११ पर्यटक वाहून गेले. सप्टेंबरच्या अखेरीस हा जोर ओसरतो, दिवसाचा पारा तिशीच्या आसपास येतो, गर्दी पांगते, आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून मुलांना डुंबण्याइतकं कोमट असतं. वसंतात उलटं होतं. एप्रिलमध्ये हवा छान वाटते पण पाणी अंगाला चावतं, आणि वाराही त्याच दिवसांत जास्त.

तर माझा बेत असा. चँडलरहून पेज पाच तासांच्या आसपास. फ्लॅगस्टाफला जेवण, स्वच्छतागृह आणि पेट्रोल उरकून घ्या, कारण पुढं १३५ मैल फार काही लागत नाही. पेजला तीन रात्री राहा, तळमजल्यावरच्या खोल्या आईच्या गुडघ्यांसाठी आत्ताच मागून ठेव. पहिल्या संध्याकाळी कुठंही धावू नका. वाहवीप ओव्हरलूकला गाडी थेट टेकडीवर जाते, तिथून जलाशय, कडे आणि मागं नवाहो पर्वत असं सगळं एका नजरेत येतं. दुसरा दिवस बाबांचा, म्हणजे धरणाचा. तिसऱ्या सकाळी पाणी.

पाण्यावर जाण्यासाठी दोन मार्ग आहेत. वाहवीपहून मोठ्या बोटीच्या सहली निघतात, चालवणारा कप्तान त्यांचा असतो, सावली असते, स्वच्छतागृह असतं, दीड-दोन तासांत परत आणतात. तुमच्यासाठी मला हाच उत्तम वाटतो. कुठल्या घळीपर्यंत नेणार हे पातळीवर ठरतं, त्यामुळं आरक्षणाच्या वेळी विचार. नवऱ्याला स्वतः बोट चालवायचीच हौस असेल तर चार तासांसाठी पॉन्टून बोट घ्या. ती सपाट असते, चारी बाजूंनी कठडा आणि वर छत. वाहवीपच्या उपसागरातच राहा, लांब जायचा मोह नको. पूर्वी चाळीसेक मैलांवर पाण्यातच एक पेट्रोलपंप होता, तोही आता बंद आहे. पातळी बदलली की बुडालेले खडक पृष्ठभागाच्या जवळ येतात, तेव्हा किनाऱ्याजवळ अगदी सावकाश.

लाइफ जॅकेट भाड्याच्या बोटीवर देतात, पण तुझ्या लेकीसाठी घरूनच विकत घेऊन जा. वयावर जाऊ नको, वजनावर घे, आतल्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं असतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घरी घालून बघ: दोन्ही खांद्यांना धरून तिला उचल. जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात ती खालून निसटेल. नियमानं १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घालायचंच असतं. मी म्हणेन तुमच्या घरात सगळ्यांनी, बाबांनीसुद्धा, आणि बोट थांबलेली असतानाही. नदीत पोहणारा माणूस ‘मला कशाला’ म्हणतो, मला माहीत आहे. त्यांना सांग की नातू त्यांच्याकडं बघून शिकणार आहे. आईला साडीवर जॅकेट घालायला लावू नको. पदर आणि निऱ्या भिजल्या की पायांत अडकतात. ती तयार असेल तर सलवार-कमीज किंवा साधी पँट, आणि पायात मागून पट्टा असलेली चप्पल.

मुलांच्या पायात पाण्यातले बूट हवेतच. या जलाशयात क्वागा नावाचे परदेशी शिंपले माजले आहेत. पाणी उतरलं की त्यांची मेलेली कवचं खडकांवर उरतात आणि काचेसारखी कापतात. कुणाची कयाक मागून आणणार असाल तर परत निघताना ती धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवूनच घरी न्या. ते शिंपले दुसऱ्या तलावात जाऊ नयेत म्हणून हा इथला कायदाच आहे. आणि लोन रॉक नावाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत तुमची मिनीव्हॅन उतरवू नका. समोरच्यांची मोठी चाकं बघून आपणही जातो आणि चाक फिरता फिरता गाडी पोटावर बसते. ओढून काढणारे भरपूर पैसे घेतात.

उन्हाबद्दल एकच समजून घे. कराडची माणसं म्हणतात, आम्हाला ऊन नवं नाही. पण तिथं घाम येतो, कपडा ओला होतो, माणसाला कळतं. इथं घाम त्वचेवर यायच्या आत उडून जातो, अंग कोरडं राहतं आणि तहान लागेपर्यंत डोकं दुखायला लागलेलं असतं. माणशी रोज चार लिटर पाणी धर आणि घड्याळ लावून पाज. साधं पाणी ढोसून उपयोग नाही, सोबत मीठ-साखर-लिंबू, ताक किंवा कोकम सरबत ठेव. आईची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचार, कारण मग पाण्याचा आणि मिठाचा हिशेब वेगळा होतो. प्रवासी आरोग्य विम्याचे कागद गाडीत नकोत, तुझ्या पर्समध्ये असू दे. खाण्यासाठी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. बर्फाच्या पेटीत काहीही ठेवलं तरी शेवटी सगळ्यांना तेच हवं असतं.

घड्याळाचा एक घोळ आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाही, शेजारचं युटा राज्य करतं, आणि दक्षिणेला लागून असलेलं नवाहो राष्ट्र, म्हणजे नवाहो या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश, तेही करतं. जलाशय या सगळ्यांच्या हद्दीत पसरलेला आहे. तुमचा फोन मधेच एक तास पुढं उडी मारेल आणि तुमची बोट चुकेल किंवा तासभर आधी जाऊन उभे राहाल. पेज आणि वाहवीप ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. एकानं मनगटी घड्याळ लावा आणि त्याला हात लावू नका. अँटिलोप कॅन्यनला जायचं असेल तर नवाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आरक्षण आधी करावं लागतं. खालच्या घळीत लोखंडी शिड्या आहेत, आईला जमणार नाहीत. वरच्या घळीत आत सपाट आहे, पण बाहेर पडायची वाट कशी आहे ते विचारून घे.

बाबांचा दिवस. पुलाला लागूनच कार्ल हेडन यांच्या नावाचं अभ्यागत केंद्र आहे, त्याच्या काचेतून धरणाची भिंत पायाशी दिसते. त्यांना आधी थोडे आकडे देऊन ठेव, म्हणजे रंग चढेल. ७१० फूट उंचीची ही काँक्रीटची कमानी भिंत, कोयनेच्या दुपटीहून उंच. पूर्ण भरला तर साठा सुमारे १,१०० टीएमसी, म्हणजे १०५ टीएमसीच्या कोयनेसारखी दहा धरणं. पण वीज विचारशील तर इथली क्षमता १,३२० मेगावॉट आणि कोयनेची १,९६०! कारण कोयनेचं पाणी सह्याद्री फोडून कोकणात उतरवलं आहे, ती उंची इथं नाही. हे ऐकून बाबांची छाती दोन इंच फुगेल आणि ती फुगायलाच हवी. गाळाचंही सांग: १९६३ ते २०१८ या काळात गाळानं सुमारे ७ टक्के साठा खाल्ला आहे.

आणि १९८३ची गोष्ट त्यांच्यासाठी राखून ठेव. त्या वर्षी बर्फ उशिरा आणि एकदम वितळला. धरण काठोकाठ भरलं आणि सांडव्याचे बोगदे उघडावे लागले. वेगानं जाणाऱ्या पाण्यातले बुडबुडे फुटून फुटून काँक्रीट उखडलं, मग त्यामागचा खडकही खचायला लागला, आणि बोगद्याच्या तोंडातून लालसर पाण्याबरोबर दगड बाहेर पडू लागले. सांडव्याचा विसर्ग तर कमी करायचा आणि पाणी तर चढतंय. तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी दरवाज्यांच्या वर चक्क प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या, चार फूट उंचीच्या, नंतर त्यांच्या जागी लोखंडी. जुलैच्या मध्याला पातळी ३,७०८ फुटांवर जाऊन थांबली. ज्यानं पावसाळ्यात धरणावर रात्रपाळी केली आहे, त्याला त्या फळ्यांचा अर्थ तुला-मला कळतो त्याहून वेगळा कळेल. नातवाला जवळ बसवून त्यांनाच सांगू दे.

आता आई. पत्रात तू तिच्याबद्दल शेवटी लिहिलंस, पण झोप तिच्यामुळंच उडाली आहे, हे वाचताना कळलं. तिच्या भीतीला नुसती पाण्याची भीती म्हणू नका. तीन-चार वर्षांच्या मुलीनं घर, अंगण, देऊळ सोडून गाडीत बसलेल्या मोठ्यांची तोंडं पाहिली असतील. कोयनेची माणसं कुठं कुठं विखुरली, कुणी घाटाखाली, कुणी सोलापूर-सांगलीकडं. नंतर तिचं लग्न झालं तेही त्याच धरणावर नोकरी करणाऱ्या माणसाशी. त्या घरात ही गोष्ट बोलायची तरी कुणी आणि कशी? बाबांचा यात दोष नाही. पण बाबांसाठी जे धरण आहे, ते आईसाठी बुडित गाव आहे, आणि तुम्ही दोघांना एकाच बोटीत बसवून चार दिवस तशाच एका गावावरून फिरवणार होतात.

कारण इथंही तेच झालं आहे. पाण्याखाली ग्लेन कॅन्यन गेला, १८६९मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा संशोधक होड्यांतून गेला तो; जलाशयाला नाव त्याचंच. त्याच्याबरोबर मूळ रहिवाशांची जुनी घरं, भिंतींवरची चित्रं, नवाहो लोकांच्या पूजेच्या जागा गेल्या. रेनबो ब्रिज ही २९० फूट उंचीची दगडी कमान त्यांना पवित्र आहे. तिच्या पायाशी पाणी आलं तेव्हा त्यांनी कोर्टात दाद मागितली, १९८०मध्ये अपिलातही निकाल विरुद्ध गेला. आजही पाहुण्यांना विनंती असते की कमानीखालून जाऊ नका. पाणी उतरलं की मात्र बुडालेलं काही काही वर येतं. कॅथीड्रल इन द डेझर्ट नावाची एक घळ आहे, आत बारीक धबधबा. २००५मध्ये पातळी उतरली तेव्हा ती उघडी पडली, लोक लांबून लांबून बघायला गेले. उजनीचं पाणी आटल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं आणि माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात, तसंच.

तेव्हा आरक्षण करण्याआधी आईला विचार. फोनवर सगळ्यांच्या समोर नको, ती इथं आल्यावर, भाजी निवडताना वगैरे, दोघीच असताना. ‘घाबरतेस का’ असं विचारू नको. आपण कुठं जाणार आहोत ते सांग, तिथंही खाली एक जुनी दरी आहे हेही लपवू नको, आणि मग विचार, ‘तुझं गाव तुला आठवतं का?’ ती बोलली तर ऐक. नाही बोलली तर दुसऱ्यांदा विचारू नको. आणि बोटीत यायचं की नाही, हे तिनं त्या सकाळी ठरवावं, तोपर्यंत कुणी समजावायचं नाही, चेष्टा करायची नाही, नवऱ्यानं तर नाहीच. त्याला माझ्या मनगटावरच्या वळांची गोष्ट वाचायला दे.

ती नको म्हणाली तर तू तिच्याबरोबर मागं राहा. बाबा, नवरा आणि मुलगा दोन तास बोटीवर जाऊन येतील, लेक तुमच्याजवळ राहील. तुम्ही तिघी वाहवीप ओव्हरलूकला जा. सकाळी तिथं सावली नसते, तेव्हा छत्री न्या, थर्मासमध्ये चहा न्या. घडीची खुर्ची पाठ असलेली घ्या, तिला खाली बसून उठायला जमणार नाही.